पडद्यावरची बोली, घरातली भाषा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार येतो आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर लागणाऱ्या कार्टूनमधून लहान मुलांच्या तोंडी परके शब्द, परके उच्चार आणि परका हेल बसू लागला आहे, आणि त्याचे काय करावे हे आईवडिलांना व आजीआजोबांना कळत नाही. त्यांपैकी तीन पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. घरात आम्ही सगळे मराठीच बोलतो, तरीही खेळताना तो स्वतःशी हिंदीत बोलतो, आणि तेही कार्टूनमधल्या पात्रांच्या आवाजात. ‘मी गिरलो’, ‘मला डर वाटतो’, ‘आजी, माझी मदत कर ना’ अशी वाक्ये त्याच्या तोंडी सारखी असतात. ‘शाळा’ला तो ‘शाला’ म्हणतो. पूर्वी ‘ते फूल’ म्हणत असे, आता ‘तो फूल’ म्हणतो. सासरे म्हणतात, टीव्ही काढूनच टाका. माझे यजमान म्हणतात, हिंदी आली तर बिघडले कुठे? मी दोघांच्या कात्रीत सापडले आहे. — एक आई, ठाणे

उत्तर : तुम्ही दिलेली सगळी उदाहरणे एकाच माळेतली वाटली तरी ती निरनिराळ्या कारणांनी आलेली आहेत, म्हणून आधी ती सुटी करून पाहू या.

‘शाला’ची काळजी तूर्त सोडून द्या. ‘ळ’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते आणि झटकन खाली आणावे लागते. हे कसब पुष्कळ मुलांना चार-पाच वर्षांपर्यंत साधत नाही. बालवाडीत शिकवत असताना ‘बाळ’चे ‘बाल’ आणि ‘पोळी’ची ‘पोली’ करणारी मुले मला दर वर्षी भेटत, आणि त्यांतल्या काहींच्या घरी त्या काळी टीव्हीच नव्हता. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, त्यामुळे तुम्हाला कार्टूनचा संशय येणे स्वाभाविक आहे, पण खात्री करून घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. माठ धुताना तळाशी बसलेला गाळ त्याला दाखवा, ‘हा बघ गाळ’ असे दोन-चार वेळा सहज बोला, आणि दुसऱ्या दिवशी माठ समोर ठेवून एकदा ‘गाल कुठे आहे?’ आणि एकदा ‘गाळ कुठे आहे?’ असे विचारा. पहिल्या वेळी त्याने स्वतःच्या गालाला हात लावला आणि दुसऱ्या वेळी माठाकडे बोट केले, तर त्याच्या कानाला फरक पक्का कळतो आहे. कानाला कळले की जीभ आज ना उद्या मागोमाग येते.

‘गिरलो’ आणि ‘डर वाटतो’ यांकडे जरा प्रेमाने पाहा. ‘गिर’ हा धातू त्याने हिंदीतून उचलला, पण त्याला ‘लो’ हा प्रत्यय मराठीचा लावला. ‘गिर गया’ असे तो म्हणाला नाही. म्हणजे मराठी क्रियापद कसे चालते हे त्याच्या मनात इतके घट्ट बसलेले आहे की परका धातूसुद्धा तो मराठीच्या साच्यात ओतू शकतो. आपल्या भाषेने हे पूर्वापार केले आहे. पाव, बटाटा आणि चावी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले आणि आज ते घरचेच झाले आहेत. सुटे शब्द येतात आणि जातात. ‘धडपडलो’, ‘घसरलो’, ‘आपटलो’, ‘कोलमडलो’ हे शब्द तो पडेल तेव्हा त्याच्या कानावर पडत राहिले, तर ‘गिरलो’ आपोआप मागे पडेल.

खरे लक्ष द्यावे असे उरलेले दोन प्रयोग आहेत. ‘माझी मदत कर’ या वाक्यातला एकही शब्द परका नाही, परंतु वाक्याची बांधणी ‘मेरी मदद करो’ची आहे. मराठीत आपण ‘मला मदत कर’ म्हणतो. ‘तो फूल’ हेही तसेच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि मुलाच्या कानावर मराठी कमी पडू लागली की सर्वांत आधी हे तिसरे लिंग डळमळू लागते. आणखी एक खूण पाहून ठेवा. बागेत जायचे असेल तेव्हा तो तुम्हाला ‘आपण जाऊ या’ म्हणतो की ‘आम्ही जाऊ या’ म्हणतो? ऐकणाऱ्याला सोबत घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही आणि इंग्रजीच्या ‘वी’मध्येही नाही. साडेचार वर्षांच्या मराठी मुलाला तो न शिकवता येत असतो. तो शाबूत असेल तर पाया भक्कम आहे, असे मी मानते.

आता हे सारे टीव्हीमुळेच झाले का? अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, गोष्टी वाचून दाखवत बोलली. सुमारे २५ मिनिटांच्या अशा १२ बैठका झाल्या, आणि ती बाळे चिनीतले ध्वनी ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तशीच माणसे, तसेच बोलणे, तेवढाच वेळ पडद्यावर दाखवले, आणि त्या बाळांना काहीच आले नाही. या प्रयोगावरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की टीव्हीतून भाषा येतच नाही. तो निष्कर्ष तुमच्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण नऊ महिन्यांचे बाळ वेगळे आणि गोष्ट समजून घेणारा, पात्रात जीव गुंतवणारा साडेचार वर्षांचा मुलगा वेगळा.

त्याचा पडताळा आपल्या शेजारच्या देशांत मिळतो. ‘डोरेमॉन’ हे मूळचे जपानी कार्टून हिंदीत भाषांतरित होऊन बांगलादेशात इतके पाहिले जाऊ लागले की तिथल्या मुलांच्या तोंडी हिंदी वाक्ये येऊ लागली, आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारने त्याच्या हिंदी प्रक्षेपणावर बंदी घातली. पाकिस्तानातही २०१६ मध्ये पंजाब प्रांताच्या विधानसभेत याच कार्टूनच्या विरोधात ठराव आला होता. ढाक्याच्या रस्त्यावर हिंदी ऐकू येत नाही, तरी मुलांना ती आली, कारण रोजचे कितीतरी तास, आवडते पात्र, आणि आपल्या भाषेची जवळची बहीण असलेली भाषा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. मराठी मुलाच्या बाबतीत या तिन्ही आहेतच, शिवाय ठाण्यासारख्या शहरात इमारतीच्या आवारात, रिक्षात, शाळेच्या बसमध्ये तीच भाषा प्रत्यक्ष बोलणारी माणसेही आहेत. टीव्हीने घरात बी टाकले आणि आवाराने त्याला पाणी घातले, असे तुमच्या घरी घडले असावे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास जेन स्टुअर्ट-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांच्या बोलण्यात ‘थिंक’च्या जागी ‘फिंक’ अशी लंडनकडची उच्चारांची ढब शिरली होती. ज्या मुलांचा लंडनमध्ये घडणाऱ्या एका दैनंदिन मालिकेत मनापासून जीव गुंतला होता, त्यांच्या बोलण्यात ती अधिक आढळली. नुसता टीव्ही किती वेळ चालू होता याने तेवढा फरक पडला नव्हता. म्हणून तुमच्या मुलाने दिवसभरात किती मिनिटे पाहिले याच्याइतकेच त्याचे कोणत्या पात्रावर प्रेम आहे, हे विचारणे महत्त्वाचे आहे.

सासऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण टीव्ही एकदम काढून टाकल्याने जो रिकामा वेळ उरेल तो कोण भरणार, हे आधी ठरवावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही पाच वर्षांपर्यंत हीच मर्यादा सांगितली आहे. तेवढा एक तास राहू द्या आणि त्या वेळी आजोबांनी त्याच्या शेजारी बसावे. ‘आता हा काय करणार रे?’, ‘त्याने खोटे का सांगितले असेल?’ असे आजोबा विचारतील, त्याचे उत्तर मूल मराठीतच देईल, आणि कार्टून हिंदी असले तरी त्यावरचे बोलणे मराठी होईल. तुमच्या यजमानांना माझे सांगणे असे आहे की हिंदी येण्याला माझी काहीच हरकत नाही, ती येणारच आहे आणि यावीही. काळजी आहे ती मराठीच्या वाट्याच्या तासांची. सकाळी शाळेत इंग्रजी, दुपारी टीव्हीवर हिंदी, संध्याकाळी आवारात हिंदी असा दिवस गेला तर मराठीसाठी जेवणाची अर्धी घटका उरते, आणि त्यातही ‘हँड वॉश कर’, ‘फास्ट फास्ट फिनिश कर’, ‘तो बघ डॉगी’ असे आपणच बोलत असू, तर दोष कार्टूनला देणे रास्त नाही. पत्रात तुम्ही घरात मराठीच बोलतो असे लिहिले आहे. एक दिवस स्वतःचे बोलणे जरा कान देऊन ऐका, एवढीच विनंती.

चुकीचे बोलला की त्याला थांबवू नका, ‘असं नाही म्हणायचं’ असे सांगू नका. त्याचेच वाक्य नीट करून, बोलण्याच्या ओघात त्याला परत द्या. तो म्हणाला, ‘आजी, माझी मदत कर ना,’ तर आजीने म्हणावे, ‘तुला मदत करू? थांब हं, आले. बटणाला मदत हवी की नाडीला?’ तो म्हणाला, ‘तो फूल बघ,’ तर म्हणावे, ‘कुठलं फूल? ते पांढरं? केवढं मोठं आहे ते!’ या एवढ्याशा बोलण्यात ‘कुठलं’, ‘ते’, ‘पांढरं’, ‘केवढं’, ‘मोठं’ आणि पुन्हा ‘ते’ असे नपुंसकलिंग सहा वेळा त्याच्या कानावरून गेले, आणि आपल्याला कोणी सुधारते आहे अशी शंकाही त्याला आली नाही. हे रोज, न कंटाळता करावे लागते.

खेळताना तो पात्रांच्या आवाजात हिंदी बोलतो, त्याला मात्र हात लावू नका. ते त्याचे नाटक आहे, आणि त्या नाटकाची भाषा तीच आहे. एखाद्या दिवशी त्याच्या खेळात तुम्ही मराठी बोलणारी शेजारीण होऊन दार वाजवा, आणि तो कोणत्या भाषेत दार उघडतो ते पाहा.

प्रश्न : माझा मुलगा व सून न्यू जर्सीला असतात. नात पावणेचार वर्षांची आहे. ती ‘पेपा पिग’ नावाचे विलायती कार्टून पाहते आणि तसेच बोलते. ‘झी’ला ‘झेड’ म्हणते, ‘टोमाटो’ म्हणते, सुट्टीला ‘हॉलिडे’ म्हणते. तिकडचे शेजारी कौतुकाने हसतात, पण शाळेत मुले चिडवतील अशी मुलाला धास्ती आहे. मला त्याचे काही नाही. मला वाईट याचे वाटते की ती सुनेला ‘आई’ म्हणत असे, ती आता ‘ममी’ म्हणू लागली आहे. व्हिडिओ कॉलवर मला पाहिले की डुकरासारखा आवाज काढते, खिदळते आणि पळून जाते. माझ्याशी दोन शब्द बोलत नाही. — एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुमच्या मुलाची धास्ती आधी दूर करू या, कारण ती लवकर दूर होण्यासारखी आहे. ‘पेपा पिग’ हे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेले कार्टून आहे आणि अमेरिकेतल्या कितीतरी घरांत तुमच्यासारखाच अनुभव आलेला आहे. तिकडच्या वर्तमानपत्रांतही त्याची चर्चा झाली. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूई’ या कार्टूनमुळे तिकडचे शब्द अमेरिकन मुलांच्या तोंडी येतात. पोर्तुगालमध्ये तर ब्राझीलमधल्या मुलांसाठीच्या व्हिडिओंमुळे मुले ब्राझीलची पोर्तुगीज बोलू लागल्याची चिंता २०२१ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांत मांडली गेली. भाषा तीच, पण बसला आणि फ्रिजला ती मुले ब्राझीलकडचे शब्द वापरू लागली होती.

असे उचललेले उच्चार सहसा टिकत नाहीत, आणि याचा पुरावा तुमच्या मुलाच्याच घरात आहे. तो इंग्रजी बोलतो ते सांगलीच्या वळणाचे. नातीने जन्मल्यापासून ते ऐकले आहे, तेही जिवाभावाच्या माणसाच्या तोंडून, तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणाऱ्या माणसाच्या तोंडून. तरीही दहा वर्षांची होईल तेव्हा तिचे इंग्रजी वडिलांसारखे नसेल, वर्गातल्या मैत्रिणींसारखे असेल. स्थलांतर केलेल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या हेच दिसत आले आहे. उच्चारांची ढब मुले शेवटी बरोबरीच्या मुलांकडून घेतात. जे वडिलांच्या बोलण्याला साधत नाही ते पडद्यावरच्या डुकराच्या पिलाला कसे साधेल? शाळा सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले की ‘झेड’चे ‘झी’ होईल, आणि तेव्हा कदाचित तुम्हालाच चुकल्यासारखे वाटेल. कारण, आजी, एक गंमत तुमच्या ध्यानात आली का? ‘झेड’, ‘बिस्किट’, ‘पेट्रोल’, ‘लिफ्ट’, ‘रबर’ हे सगळे शब्द विलायतेतून आपल्याकडे आलेले आणि आपल्या मराठीत मुरलेले आहेत. अमेरिकेत त्यांना ‘झी’, ‘कुकी’, ‘गॅस’, ‘एलिव्हेटर’ आणि ‘इरेझर’ म्हणतात. नात ‘बिस्किट’ मागते तेव्हा ती तिच्या शेजाऱ्यांपेक्षा तुमच्या अधिक जवळची भाषा बोलत असते.

‘आई’चे दुःख मात्र खरे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मुले माणसांना हाक मारायला शिकतात ती घरातली माणसे एकमेकांचा उल्लेख कसा करतात त्यावरून. आपल्याकडे आत्याच्या मुलांचे ऐकून आईलाच ‘मामी’ म्हणणारी मुले होती, आणि एकत्र कुटुंबात स्वतःच्या आईला ‘वहिनी’ म्हणणारी तर घरोघरी होती. त्यामुळे मुलाला हे विचारा की नातीशी बोलताना तो सुनेला काय म्हणतो. ‘गो टू ममी’ म्हणतो, नावाने बोलतो, की ‘आईला विचार’, ‘आईला हे नेऊन दे’ असे म्हणतो? सुनेनेही स्वतःविषयी बोलताना ‘आई आली’, ‘आईला पापा दे’ असे म्हणावे. दिवसातून तीस-चाळीस वेळा हा शब्द घरात वावरू लागला, तर ‘ममी’ खेळापुरती राहील आणि रात्री झोप येत नसताना ‘आई’च आठवेल.

आता तुमच्या कॉलविषयी, कारण या साऱ्यात सर्वांत मोठे काम तुमच्याच हातून होण्यासारखे आहे. वर उल्लेखलेल्या प्रयोगात बाळांना पडद्यावरून भाषा आली नाही, याचे एक मोठे कारण असे की पडदा उत्तर देत नाही. व्हिडिओ कॉल उत्तर देतो. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवून पाहिली. आधी चित्रित करून ठेवलेल्या माणसाकडून मुले ती शिकली नाहीत, पण समोरासमोर बोलणाऱ्या माणसाकडून आणि व्हिडिओ कॉलवर त्यांच्या बोलण्याला प्रतिसाद देणाऱ्या माणसाकडून शिकली. म्हणजे नातीच्या दृष्टीने तुम्ही टीव्ही नाही, तुम्ही तिथे हजर आहात.

मग ती पळते का? मला वाटते, आपण आजीआजोबा फोनवर मुलांची परीक्षा घेतो. ‘कशी आहेस? जेवलीस का? काय खाल्लंस? शाळेत काय शिकवलं? मला ओळखलंस का?’ पावणेचार वर्षांच्या मुलीला या प्रश्नांत रस नसतो, आणि उत्तर मराठीत जुळवता आले नाही की ती ओशाळून पळते. तिने डुकराचा आवाज काढला ना? तुम्हीही काढा. मोठ्याने काढा. मग तिला सांगा की पेपा आज सांगलीला आजीकडे आली होती आणि कृष्णेच्या घाटावर गेली होती. त्या कार्टूनमधल्या पिलाला चिखलाच्या डबक्यात उड्या मारायला फार आवडते, हे तुमच्या नातीला ठाऊकच आहे. आणि चिखलासाठी मराठीकडे काय कमी शब्द आहेत? डबके, चिखल, राडा, रेंदा, गाळ. त्यात पाय पडला की ‘पचक’, उडी मारली की ‘थपाक’, अंगावर उडाले की ‘चिखलाचे शिंतोडे’, आणि वाळले की ‘खपली’. स्वयंपाकघरात परातीत कणीक भिजवत असाल तर पीठ सैल करून त्यात बोट घालून दाखवा. ‘पचक!’ हा शब्द ती त्याच दिवशी उचलेल.

चिऊ-काऊची गोष्टही अशीच उपयोगी पडते, कारण त्या गोष्टीत ऐकणाऱ्याला काम आहे. नातीला कावळा करा. तिने ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ एवढेच म्हणायचे. तुम्ही घरट्यात बसून ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’, ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ म्हणत राहायचे. पाच-सहा वेळा ती एकच वाक्य म्हणेल, आणि ‘उघड’मधला ‘घ’ प्रत्येक वेळी थोडा अधिक मोकळा होईल. बोलणे दहा मिनिटांचेच ठेवा, पण शक्यतो रोज आणि ठरल्या वेळी. सांगलीला संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. शनिवार-रविवारी ती वेळ दोन्ही घरांना सोयीची पडावी.

सुनेला आणखी एक सांगा. अमेरिकेत मराठी मंडळांनी चालवलेल्या आठवडी मराठी शाळा आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा त्यासाठी अभ्यासक्रमही आहे. तिथे अक्षरे किती येतील ते येवोत, पण नातीच्या वयाची, मराठी बोलणारी दुसरी मुले तिथे भेटतील. मराठी ही फक्त मोठ्या माणसांची भाषा नाही, हे तिला त्यांच्यामुळे कळेल.

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षे नऊ महिन्यांचा आहे. मोबाइलवरील व्हिडिओ पाहून त्याला इंग्रजी अक्षरे, रंगांची नावे आणि वीसपर्यंत अंक येतात, तेही अगदी अमेरिकन उच्चारात. नातेवाईक फार कौतुक करतात. परंतु पाणी हवे असेल तर तो बोलत नाही, आमचा हात धरून माठाकडे ओढत नेतो. ‘आई’, ‘बाबा’ अशी हाक मारत नाही. हाक मारली तर बहुधा वळून पाहत नाही. जेवताना मोबाइल लागतोच. मराठीमुळे त्याचा गोंधळ होतो आहे का? घरात इंग्रजीच बोलावे असे एका परिचितांनी सुचवले आहे. — एक वडील, नांदेड

उत्तर : तुमचा प्रश्न वरच्या दोन पत्रांहून वेगळा आहे आणि त्याला उशीर करून चालणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या मुलाच्या उच्चारांची काळजी करण्याची वेळ ही नाही. ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवणे आणि बोलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षांच्या आसपास मुले साधारणपणे ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडू लागतात आणि बोटाने दाखवून, तुमच्या डोळ्यांत पाहून काही मागतात. तुमच्या मुलाला वीस अंक येतात, पण एक घोट पाणी शब्दाने मागता येत नाही, आणि हाकेला तो वळत नाही, या दोन बाबींसाठी त्याची तपासणी याच आठवड्यात सुरू करावी.

प्रथम त्याची श्रवणचाचणी करून घ्या. मोबाइलचा आवाज त्याला ऐकू येतो म्हणजे कान चांगले आहेत, असे समजू नका. काही विशिष्ट पट्टीतले आवाज कमी ऐकू येणारी मुलेही गाण्याच्या चालीवर डोलतात. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची संपूर्ण तपासणी करून घ्या, त्यात स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीनेही पाहायला सांगा. हा शब्द वाचून घाबरून जाऊ नका. तपासणीत काहीच निघाले नाही तर उत्तमच, आणि निघाले तर या वयात सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग अधिक होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे स्थापन झालेली आहेत आणि तिथे अशा तपासण्या विनामूल्य होतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पुढे गरज पडली तर मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने असलेली राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण यांवरच काम करते. ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले होते’ असे घरात कोणी म्हणेल. ते खरे असले तरी त्यासाठी सहा महिने वाट पाहू नका.

मोबाइलमुळेच हे झाले असे मी म्हणत नाही, आणि तुम्हीही स्वतःला दोष देत बसू नका. परंतु तो आता बाजूला ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवण्यासाठी खास बनवलेला व्हिडिओ चार आठवडे दाखवला. व्हिडिओ न पाहणाऱ्या मुलांपेक्षा ती मुले अधिक शब्द शिकली नाहीत. ज्यांच्या आईवडिलांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द सहज वापरले, त्यांची मुले सर्वाधिक शिकली.

घरात इंग्रजीच बोलण्याचा सल्ला मानू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे अडत नाही, आणि तुम्हाला जी भाषा सहज येते, जिच्यात तुम्ही त्याला रागावता आणि जवळ घेता, तीच त्याला सर्वांत अधिक मिळायला हवी. तो हात धरून माठाकडे नेईल तेव्हा लगेच पेला भरून देऊ नका. खाली बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येऊ द्या, पेला हातात धरून ‘पाणी’ म्हणा आणि मनात पाचपर्यंत मोजा. तो ‘पा’ म्हणाला, नुसते तुमच्याकडे पाहिले, तरी ‘पाणी! हे घे पाणी’ म्हणून द्या. काहीच केले नाही तरी पाणी द्या, तहानलेल्या लेकराची परीक्षा घ्यायची नाही. जेवताना पहिले काही दिवस तो मोबाइलसाठी रडेल, एखादे जेवण अर्धवट राहील. घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आजीआजोबांनी, त्या दिवसांत एकच धोरण ठेवावे.

आज रात्रीपासून एका वहीत दोन रकाने करा. एकात त्याने ऐकून म्हणून दाखवलेले शब्द लिहा, दुसऱ्यात त्याने स्वतःहून, काही हवे म्हणून किंवा काही दाखवायचे म्हणून उच्चारलेले शब्द आणि केलेल्या खुणा लिहा. तारीख घाला. ही वही तपासणीला जाताना डॉक्टरांना दाखवा, आणि श्रवणचाचणीचा निष्कर्ष आला की मला पुन्हा लिहा. तुमच्या पत्राला मासिकाच्या पुढच्या अंकाची वाट न पाहता टपालाने उत्तर पाठवीन.